एकशे पंच्याहत्तर दिवस

एकतीस डिसेंबरच्या रात्री
सगळा गाव नाचघरात असतो,
कुणीतरी आजोबांचा अकॉर्डियन काढतं,
आणि आम्ही दोघं गोदामात.
युसेबियो शिडीवर,
मी खाली, बोटं कापलेले हातमोजे, खतावणीचं पान.
कारण आमच्या टेक्सासात कर बसतो
एक जानेवारीला फळीवर जे असेल त्यावर.
दोन तारखेला ट्रक भरून गेला
तरी कागदावर तो माल इथंच, ठाण मांडून.

पवनचक्कीचे सुटे भाग:
दातेरी चाकं, शेपटाचे पत्रे,
पंपात बसतात त्या चामडी वाट्या.
"तीनशे बारा," तो वरून ओरडतो.
वही म्हणते तीनशे तेरा.
"परत मोज."
शिडी कुरकुरते, की तो, कळत नाही.

कायद्याला एक दार आहे,
अरुंद, पण आहे:
बाहेर जाणारा माल एकशे पंच्याहत्तर दिवसांच्या आत
राज्याची हद्द ओलांडत असेल तर माफ.
नेब्रास्काला गेलेली चाकं माफ.
वायोमिंगच्या पठारावर फिरणारं शेपूट माफ.
आणि तीन मैलांवर, ओल्गा श्रामेकच्या कुरणात
जो मनोरा उभा केला,
ज्याच्या पाण्यावर तिची गुरं जगतात,
त्याचे भाग फळीवर होते तोवर भरा.
पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं मला.
जाणाऱ्याला आंदण, राहणाऱ्याला दंड.

म्हातारे कुबेना वर्षानुवर्षं सगळंच भरत आले.
का, विचारलं तर:
"बाप भरायचा."
मग मीच वर्षभराच्या बिल्ट्या घरी नेल्या,
जेवणाच्या टेबलावर तीन रात्री पसरल्या,
नवरा उभ्यानं सूप प्यायला.
शंभरात एकसष्ट बाहेर जात होतं.
एप्रिल संपायच्या आत अर्ज टाकला.
काउंटी हो म्हणाली.
शहर हो म्हणालं.
शाळा नाही म्हणाली.

शाळेच्या बैठकीला आम्ही मागच्या बाकावर,
कुबेनांची टोपी मांडीवर.
व्लास्टा मिकुलेंका उठली,
मला वजाबाकी जिनं शिकवली ती.
"चाकं जातात नेब्रास्काला," म्हणाली,
"बस रोज संध्याकाळी इथंच येते.
तिचे टायर कुणाच्या हद्दीत झिजतात?"
परतताना ट्रकमध्ये बराच वेळ
फक्त रेडिओची खरखर.
मग कुबेना म्हणाले, "बरोबर बोलली बया."
आणि फाटकाशी, किल्ली काढता काढता,
"पुढच्या वर्षी परत जाऊ त्यांच्याकडे."

सातव्या रांगेत, अगदी तळाला,
बिडाच्या चार गिअरपेट्या आहेत.
कुणीतरी सांगून ठेवल्या, घ्यायला आलाच नाही.
दरवर्षी धूळ झटकून मोजतो,
दरवर्षी त्यांचा कर भरतो,
भंगारात चार पैसे तरी आले असते.
पण साचा कुबेनांच्या बापानं स्वतः कोरलेला,
तेव्हा त्या विषयाला कुणी हात घालत नाही.

"चार," युसेबियो म्हणतो, गुडघ्यावर बसून.
"नको ना लिहूस. कोण येतंय बघायला?"
मी लिहिते चार.
तो एकीवर हात ठेवून तसाच बसतो.
"मी साकातेकासहून आलो तेव्हा
फक्त एका हंगामासाठी आलो होतो.
ह्या तेव्हाही इथंच होत्या."

बाहेर फटाके. बारा वाजले असावेत.
नाचघरातून आरोळी येते, उशिरा,
थंडीत पाय ओढत आल्यासारखी.
त्याच्या थर्मासमधली कॉफी आम्ही झाकणातून आळीपाळीनं पितो,
आणि वाटी अजून एक कमीच.

मग टेबलाकडे लक्ष जातं.
माझ्या नोकरीच्या पहिल्या आठवड्यापासून
पेन्सिली जिच्यात उभ्या आहेत ती.
पेन्सिली काढते,
उलटी करून पाहते, कडेला आमचाच शिक्का.
तीनशे तेरा.
खाडाखोड न करता लिहिते,
मग पेन्सिली परत जागच्या जागी.